तिसऱ्या खेपेचं कुत्रं

केस कापायला बसलेला माणूस मध्येच उठून जात नाही. एक बाजू कापून झालीय, दुसरी व्हायचीय, गळ्याभोवती चादर गुंडाळलेली आहे आणि कानाशी कात्री वाजतेय, अशा वेळी त्याला काहीही सांगा, तो ऐकून घेतो. केस कापायचं दुकान चालवणाऱ्या बाईला हे वेगळं शिकवावं लागत नाही. आजवर तिनं या गोष्टीचा उपयोग गिऱ्हाइकांना नवऱ्याची गाऱ्हाणी ऐकवण्यापुरताच केला होता. त्या उन्हाळ्यात मात्र तिनं तो एका माणसाला धुळीला मिळवण्यासाठी केला.

त्या माणसाला सगळे कप्तान म्हणत. तसा तो कसलाही कप्तान नव्हता. कॉलेजच्या दिवसांत सुट्टीत तंबू घेऊन भटकणारं एक टोळकं होतं, त्याचा हा म्होरक्या. कुठं थांबायचं, पाणी कुणी आणायचं, भांडी कुणी घासायची हे तोच ठरवायचा, आणि स्वतःच्या वाट्याला काही येऊ द्यायचा नाही. टोळक्यात तिचा मोठा भाऊ होता, तिची वर्गमैत्रीण चिमणी होती, आणि सगळ्यांच्या मागं मागं करणारी ती स्वतः. ती सगळ्यांची छोटी. आता छोटीचे केस पिकले होते आणि गुडघे कुरकुरत होते, तरी त्या जुन्या माणसांत ती छोटीच होती.

चौघं दर उन्हाळ्यात एकाच गावाला येत. नदीकाठचं फार जुनं गाव. दगडी कमानींचा पूल, अरुंद गल्ल्या, नदीच्या मधोमध बेटावर एक पाणचक्की, आणि धक्क्याच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. एका वर्षी छोटीचा पाय मोडला म्हणून ती घरी राहिली, आणि नेमका त्याच वर्षी अवकाळी पावसानं पूर आला. दादानं बेटावर अडकलेलं चक्कीवाल्याचं सगळं कुटुंब होडीतून धक्क्यावर आणलं. भिजून चिंब झालेला दादा दुसऱ्या दिवशी घरी आला तो तापानं फणफणतच, आणि आठवडाभरात गेला.

आई त्याच्या उशाशी बसून होती. तिनं विचारलं होतं, "कोण होतं रे तुझ्यासोबत?" दादा म्हणाला होता, "कुणी नाही. एकटाच होतो." ते खोटं वाटायला जागा नव्हती. वल्ही मारून त्याच्या तळहातांची सालटं निघाली होती, त्या जखमा छोटीनं स्वतः पुसल्या होत्या. आईनं आणखी एक विचारलं होतं. दोन खेपांत सगळे आले असं गावातून आलेला माणूस सांगून गेला, मग तू तिसऱ्यांदा कशाला गेलास? त्यावर दादानं भिंतीकडं तोंड फिरवलं. पुढं आईनंच उत्तर ठरवून टाकलं. एखादं कुत्रं मागं राहिलं असेल, दुसरं काय. मुक्या जनावरासाठी जीव टाकणारा होता तो. त्या न पाहिलेल्या कुत्र्यावर आईनं जन्मभर डूख धरला. मरेपर्यंत तिनं दारात कुत्रं फिरकू दिलं नाही, शेजारच्यांचं पिल्लू अंगणात आलं तरी झाडू घेऊन धावायची.

चिमणीनं पुढं कप्तानाशी लग्न केलं आणि दोघं त्याच गावात राहिले. चिमणी टपाल कचेरीत लागली. दर वर्षी तिचा निरोप यायचा, ये गं एकदा. छोटीला ती नदी बघवत नव्हती, म्हणून ती टाळत राहिली. आई गेल्यावर तिला वाटलं, नदीवर रुसून आता कुणाला काय दाखवायचंय. नवरा नळजोडणीच्या कामातून नुकताच मोकळा झाला होता. तंबू, स्टोव्ह, घडीच्या दोन खुर्च्या आणि सवयीनं कात्री-कंगव्याची पेटी गाडीत टाकून दोघं निघाले आणि नदीकाठच्या तंबूतळावर उतरले.

पहिल्या रात्रीचं जेवण चिमणीकडं होतं. घर अरुंद, गल्लीत खुपसलेलं. खालच्या खोलीत दर पुराला पाणी शिरायचं म्हणून स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर हलवलेलं, त्यामुळे जेवायला जिन्यानं चढून जायचं. चिमणीनं छोटीला दारातच घट्ट मिठी मारली. कप्ताननं तिला "काय छोटी" म्हणून टपली मारली आणि जेवताना गावाचा इतिहास इतका वाढला की ताटातलं गार झालं. त्याचा धंदाच तो होता. रोज दुपारी पाहुण्यांचा घोळका घेऊन वेशीपासून धक्क्यापर्यंत गाव दाखवायचं.

"उद्या येते मी तुझ्या फेरीला," छोटी म्हणाली.

"उद्या नाहीये फेरी," कप्तान चटकन म्हणाला. "तू आराम कर."

चिमणी भांडी उचलायला उठली.

दुसऱ्या दिवशी छोटी साबण आणायला गावात गेली आणि येताना धक्क्यावरून आली. तिथं घोळका उभा होता आणि कप्तान भिंतीतल्या लोखंडी कडीवर हात ठेवून बोलत होता. फेरी नव्हती म्हणे. ती मागं जाऊन उभी राहिली.

"याच कडीला होडी बांधलेली होती," कप्तान सांगत होता. "पाणी त्या वरच्या पायरीपर्यंत आलेलं. मी वल्ही उचलली. दोन खेपा केल्या, सगळ्यांना आणलं. माझा एक दोस्त होता, तो इथं काठावर दोर धरून उभा होता. बिचारा पुढं तापानं गेला." लोकांनी हळहळून माना हलवल्या. एका बाईनं कप्तानाचा हात हातात घेतला. त्यानं नम्रपणे मान खाली घातली.

छोटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोर धरून उभा होता. तिचा दादा, ज्याचे सोलवटलेले हात तिनं पुसले, तो दोर धरून उभा होता. ती साबणाची पिशवी घट्ट आवळून तिथून निघाली. कप्ताननं तिला पाहिलं नाही.

तंबूत आल्यावर तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो खुंटी ठोकत होता, ठोकायचा थांबला. "मग जाऊन तोंडावर विचार की त्याला."

"अहो, तोंडावर विचारलं तर तो माफी मागेल. रडेलसुद्धा. मला माफी नकोय."

"मग काय हवंय?"

"चारचौघांत त्याची बोबडी वळलेली बघायचीय मला."

नवऱ्यानं खुंटी सोडली आणि चहा टाकला. आपल्या बायकोच्या डोक्यात काय शिजतंय ते चेहऱ्यावरून ओळखण्याइतकी वर्षं त्यानं तिच्यासोबत काढली होती, आणि अशा वेळी आपण मध्ये पडायचं नसतं हेही तो शिकला होता.

तिचा हिशोब साधा होता. कप्तानाच्या फेरीला येणारी बहुतेक माणसं याच तळावरची असत. हात धुवायच्या जागेशेजारी त्याची जाहिरात डकवलेली होती. छोटीनं सकाळी घडीची खुर्ची झाडाखाली मांडली, पेटी उघडली आणि शेजारच्या तंबूतल्या बाईला म्हणाली, "या, मानेवरचे केस वाढलेत तुमचे, नीट करून देते. पैसे नकोत, हात शिवशिवतायत नुसते." ती बाई म्हणजे शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. ती बसली. छोटीनं चादर गुंडाळली, कात्री चालवली आणि म्हणाली, "या गावच्या पुराची गोष्ट माहितीय का तुम्हाला?"

बातमी पसरायला ती सकाळ पुरली. फुकट आणि चांगले केस कापून मिळतात म्हटल्यावर माणसं ओळीनं उभी राहिली. मुख्याध्यापिकेनंतर सायकलवरून देश पालथा घालणाऱ्या दोघी बहिणी बसल्या, मग एक बेकरीवाला आणि त्याची बायको, मग दातांचा डॉक्टर. प्रत्येकाच्या कानात छोटीनं दादा उतरवला. दादाचे खांदे, दादाचं हसणं, पहिल्या खेपेला चक्कीवाल्याची बायको आणि मुलं, दुसऱ्या खेपेला चक्कीवाला आणि त्याची म्हातारी आई. म्हातारी होडीत बसायला तयार नव्हती, तर दादानं तिला उचलूनच घेतलं. कप्तानाचं नावही तिनं काढलं नाही. त्याची गरजच नव्हती. ती फक्त शेवटी म्हणायची, "फेरीला जाणार असाल तर धक्क्यावर नीट ऐका हं."

कुत्रं मात्र तिनं ठरवून आणलं नाही. दातांच्या डॉक्टरचे केस दाट होते आणि गोष्ट आधी संपली, म्हणून ते आलं. "मग सगळे आल्यावर तो तिसऱ्यांदा निघाला," छोटी म्हणाली, "कारण चक्कीच्या छपरावर एक कुत्रं राहिलं होतं." डॉक्टरनं हातातल्या आरशात तिच्याकडं पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मग छोटीला राहवेना. कुत्र्याला काळा रंग आला, एक कान फाटका झाला, आणि दादाच्या मांडीवर डोकं ठेवून ते धक्क्यापर्यंत आलं.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "कुत्रं कधी आलं गं यात?"

"आई सांगायची की."

"आई 'असेल' म्हणायची."

"तुम्ही नळ बघा, गोष्टी मी बघते," छोटी म्हणाली. दुसऱ्या दिवशी ज्यांचे केस आधी कापले होते तेही एकमेकांना कुत्र्याबद्दल विचारू लागले. तळावर गोष्ट अशी पिकली की एका बाईनं छोटीलाच ती पहिल्यापासून सांगितली.

रात्रीची जेवणं चिमणीकडं चालूच होती. छोटी जिना चढून जायची, पोटभर जेवायची, कप्तानाच्या विनोदांवर हसायची. असं हसणं तिला इतकं सोपं जाईल असं तिला वाटलं नव्हतं. तो बोलत असताना ती त्याच्या गळ्याच्या घाटीकडं बघत राहायची आणि मनात म्हणायची, थांब जरा. चिमणी तिच्या ताटात वाढता वाढता एकदा म्हणाली, "तुझं काहीतरी चाललंय."

"काही नाही गं. उद्या आपण दोघी याच्या फेरीला जाऊ. तळावरची सगळी मंडळी येतायत."

कप्तानाचा घास हातातच राहिला. "अगं, ते काय बघायचं, तुझं सगळं पाहिलेलं गाव."

"पाहिलेलं आहे, ऐकलेलं नाही," छोटी म्हणाली.

वेशीपाशी घोळका जमला तेव्हाच कप्तान चाचरला. समोर जितकी डोकी होती त्या सगळ्यांवरचे केस ताजे कापलेले होते. मानेवरची रेघ सगळ्यांची सारखी, एकाच हाताची. त्यानं मागं उभ्या असलेल्या छोटीकडं पाहिलं. तिनं हात हलवला. पूल, जुनी जकात-चौकी, बुरूज, सगळं त्यानं भराभरा उरकलं. नेहमीचे विनोद त्यानं केले नाहीत. धक्क्यावर आल्यावर त्यानं कडीला हातही लावला नाही.

"तर हा धक्का," तो म्हणाला. "आणि इथं आपली फेरी संपते."

"पुराची गोष्ट राहिली की," दातांचा डॉक्टर म्हणाला.

"आज उशीर झालाय."

"मग मी सांगते," मुख्याध्यापिका म्हणाली आणि वर्गात उभी राहावी तशी पुढं येऊन उभी राहिली. तिनं दादाला होडीत बसवलं. सायकलवाल्या बहिणींनी पहिली खेप आणली. बेकरीवाल्यानं म्हातारीला उचलून दाखवलं, त्यासाठी स्वतःच्या बायकोला उचललं, आणि सगळे हसले. कप्तानही हसायला गेला, पण ते त्याला जमलं नाही. त्याच्या कपाळावर घाम आला होता. चारचौघं त्याचीच गोष्ट त्याच्या तोंडावर सांगत होते आणि त्या गोष्टीत तो कुठंच नव्हता. छोटी डोळे भरून बघत होती. इतकं गोड तिला कित्येक वर्षांत काही लागलं नव्हतं.

"आणि मग तो तिसऱ्यांदा गेला," डॉक्टर म्हणाला. "छपरावरच्या कुत्र्यासाठी."

"कुत्रं नव्हतं," कप्तान म्हणाला.

"नव्हतं कसं? काळं होतं. एक कान फाटका."

"नव्हतं म्हणतोय ना. छपरावर कुत्रंबित्रं काही नव्हतं." चिडून बोलला तो. इतका वेळ गप्प बसल्याचा सगळा राग त्या एका कुत्र्यावर निघाला. आणि बोलून झाल्यावर त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

छोटीचं हसू जागच्या जागी थांबलं. हा तर काठावर उभा राहून तमाशा बघत होता, निदान ती इतकी वर्षं तसंच धरून चालली होती. चक्कीच्या छपरावर काय होतं न् काय नव्हतं, ते काठावरून कुणाला कळणार? ती माणसांतून वाट काढत पुढं आली.

"मग तिसऱ्या खेपेला दादानं काय आणलं?"

उत्तर चिमणीनं दिलं.

"यालाच आणलं."

ती पायरीवर बसली होती, तिथूनच बोलली. "दोघं मिळूनच निघाले होते गं. गावानं याला होडीत चढताना पाहिलं, आणि चक्कीवाले पुढं गाव सोडून गेले, म्हणून तर याची थाप खपली. चक्कीवर पोचल्यावर याची पाचावर धारण बसली. शिडीनं छपरावर चढला तो उतरेना. हातपाय जोडले तुझ्या दादानं, तरी उतरेना. मग त्यानं एकट्यानं वल्ही मारली, दोन्ही खेपांना. आणि तिसऱ्यांदा याच्यासाठी गेला. अंगातला कोट काढून याला घातला, होडीच्या तळाशी निजवलं, वर तंबूचं कापड पांघरलं, आणि धक्क्यावर न आणता खाली वळणावर उतरवलं. तिथं मी होते. मला म्हणाला, कुणाला सांगू नकोस चिमणे, याला उद्या माणसांत वावरायचंय."

बेकरीवाल्यानं बायकोचा हात धरला.

"मी नाही सांगितलं कुणाला," चिमणी म्हणाली. "रोज ती थाप ऐकून माझे कान किटले, तरी नाही सांगितलं. आणि तू इतके दिवस माझ्या हातचं जेवून, माझ्यासमोर हसून, हे करत होतीस. सूड हवा होता ना तुला? मग अर्धा कशाला, सगळा घे." ती उठली, चपला घातल्या आणि गल्लीकडं चालू लागली.

छोटीला दादा आठवला नाही, आई आठवली. झाडू घेऊन अंगणात धावणारी, एका पिल्लाला शिव्या घालणारी, नसलेल्या कुत्र्यावर जन्मभर दातओठ खाणारी आई. आणि कुत्रं हे इथं उभं होतं. लग्न करून, घर करून, रोज दुपारी लोकांची हळहळ गोळा करत.

"छोटी," कप्तान म्हणाला, "अगं, मला..."

"माफी मागू नकोस." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "उद्या तू फेरी काढायचीस. इथं यायचंस, त्या कडीवर हात ठेवायचास, आणि ही गोष्ट सांगायचीस. दादाच्या नावानं. आणि तिसऱ्या खेपेला जो आणला तो मी, असं म्हणायचंस."

"रोज?"

"रोज."

"आणि नाही सांगितली तर?"

"मी मुक्काम वाढवतेय. हंगाम संपेपर्यंत," छोटी म्हणाली. "माणसं येत राहतील, आणि केस सगळ्यांचेच वाढतात."

त्या संध्याकाळी जेवायचं बोलावणं आलं नाही, आणि पुन्हा कधी येणारही नव्हतं. छोटीला ते ठाऊक होतं, आणि ते तिला लागलं. तिनं तंबूसमोर स्टोव्ह पेटवला.

"तुझ्या दादानं त्याला झाकून आणलं होतं," नवरा म्हणाला. "तू ते पांघरूण ओढून काढलंस."

"दादा चांगला होता," छोटी म्हणाली. "मी नुसती त्याची बहीण आहे."

दुसऱ्या दिवशी ती घोळक्याच्या शेवटच्या रांगेत उभी राहिली. माणसं नवी होती. कप्ताननं कडीवर हात ठेवला, घसा खाकरला, आणि सांगितलं. दादाचं नाव घेताना तो अडखळला, पण घेतलं. दोन खेपा सांगितल्या. मग थांबला. त्यानं तिला शोधलं, ती तिथंच होती, आणि त्यानं उरलेलंही सांगितलं. कुणी त्याचा हात हातात घेतला नाही. एका म्हाताऱ्यानं त्याच्याकडं पाहिलं, मग नदीकडं पाहिलं, आणि घोळका हळूहळू पांगला. कप्तान कडी धरून तसाच उभा राहिला.

ती तळावर परतली तेव्हा नवऱ्यानं गाडीचं मागचं दार उघडून ठेवलं होतं. "झालं ना मनासारखं? तंबू काढू का?"

समोरच्या जागेवर एक नवीन कुटुंब सामान उतरवत होतं. बाप गडी उंच होता, हसरा होता, आणि त्याचे केस कानांवर आले होते. छोटीनं त्याच्याकडं नीट बघून घेतलं.

"तंबू राहू द्या," ती म्हणाली. "खुर्ची बाहेर काढा."